फाटलेले दूध आणि फळांची डबी

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन माणसे नीट जेवत नव्हती. एक सत्तरी ओलांडलेली आणि दुसरी चौदा वर्षांची.

सत्तरीच्या म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. डिसेंबरात आठ दिवस ताप आला, तो उतरला, पण जेवणावरची इच्छा घेऊन गेला. तोंडात आता मोजून चार दात. कवळी टोचते म्हणून ती कपाटात. मटण चावत नाही, अंड्याचा वास येतो, डाळ रोज रोज नको. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-खारी, रात्री चहात बुडवलेली अर्धी चपाती. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आजींच्या पोटात प्रथिनं जात नाहीत. अशानं पायातली ताकद जाईल, आणि या वयात पडणं परवडत नाही." अम्मा ऐकून घेत आणि घरी आल्यावर म्हणत, "बेटा, अब मुझे क्या करना है खाके?" या वाक्यावर मला कधी उत्तर सुचले नाही.

चौदा वर्षांची म्हणजे माझी धाकटी. शाळा सकाळी सव्वासातची. घरून उपाशी जायची आणि चपाती-भाजीचा डबा जसाच्या तसा परत आणायची. दप्तर झटकताना चिप्सची रिकामी पाकिटे निघत. विचारले तर म्हणायची, "अम्मी, डबा उघडला की भाजीचा वास सगळ्या वर्गात पसरतो. मुली नाक मुरडतात."

मी स्वतः शिक्षिका. तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकणाऱ्या मुलींना मी रोज विचारते, "सकाळी काय खाऊन आलीस?" बऱ्याच जणी नुसत्या चहावर आलेल्या असतात. त्यांना न्याहारीचे महत्त्व सांगायचे आणि घरी येऊन आपल्याच मुलीचा भरलेला डबा धुवायचा, याची मनातून लाज वाटे.

पुण्याहून आलेली डबी

जानेवारीत माझे दीर पुण्याहून आले. मुलांसाठी खाऊ म्हणून मोठ्या दुकानातून त्यांनी छोट्या छोट्या चार डब्या आणल्या. वर स्ट्रॉबेरीचे आणि अननसाचे चित्र. नाव लिहिलेले : फळांच्या स्वादाचे कॉटेज चीज.

धाकटीने डबी उघडण्याआधी उलटी करून वाचली. ही सवय मी तिला लावली आहे, आणि आपल्या घरातल्या प्रत्येक मुलामुलीला ती असावी असे मला वाटते. "अम्मी, यात रेनेट लिहिलंय. हे काय असतं?"

रेनेट म्हणजे दूध विरजवून त्याचे चीज बनवणारे द्रव्य. पूर्वी ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढत. आता बहुतेक ठिकाणी ते सूक्ष्मजीवांपासून तयार होते. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवे चिन्ह असेल तर त्यात प्राण्याच्या शरीरातून काढलेला घटक नसतो. म्हणजे प्राण्याचे रेनेट नाही आणि जिलेटिनही नाही. चिन्ह तपकिरी असेल, किंवा माल परदेशातून आलेला असेल, तर घटकांची यादी नीट वाचावी. प्राण्याच्या रेनेटबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. शंका असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, उगीच एकमेकांवर फतवे फेकू नयेत. तबूकच्या मोहिमेत प्रेषितांसमोर (स.) पनीर आणले गेले, तेव्हा त्यांनी सुरी मागवली आणि अल्लाहचे नाव घेऊन ते कापले, असे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आले आहे.

आमच्या डबीवर हिरवे चिन्ह होते. तरी यादी वाचता वाचता धाकटी थांबली. "दुसऱ्या नंबरवर साखर आहे. आणि स्ट्रॉबेरी पार खाली!" घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सगळ्यात जास्त ते आधी. म्हणजे चित्रात फळ मोठे आणि डबीत साखर मोठी. हा हिशेब तिच्या तिलाच कळला, मला काही बोलावे लागले नाही.

डबी उघडली. आत पांढरे मऊ दाणे, सायीसारख्या रसात भिजलेले, वर गुलाबी पाक. धाकटीने दोन चमच्यांत संपवली. दुसरी डबी मी अम्मांपुढे धरली. त्यांनी चमचाभर तोंडात घेतले, जिभेवर घोळवले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

"अगे, ये तो अपना फटा हुआ दूध है!"

मग त्या उठून बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या माहेरी दोन म्हशी होत्या, फ्रीज नव्हता. एप्रिल-मे महिन्यात दुपारपर्यंत दूध फाटायचे. त्यांची आई ते टाकून देत नसे. मलमलच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. संध्याकाळी त्यात गूळ किसून घालायची, आंबा असला तर आंब्याच्या फोडी. "आम्ही सहा भावंडं. फडकं कोण चाटणार म्हणून भांडणं व्हायची," अम्मा म्हणाल्या. आणि बोलता बोलता डबी रिकामी झाली.

त्या डबीत ९० ग्रॅम माल होता. दिरांनी किंमत सांगितली तेव्हा मी मनात हिशेब केला : तेवढ्यात आमच्या गवळ्याकडून लिटरभर म्हशीचे दूध येते आणि वर पैसे उरतात.

नाव नवे, वस्तू जुनी

आपल्याकडे हॉटेलच्या यादीत पनीरलाच कॉटेज चीज लिहितात, पण दोन्ही अगदी एक नव्हेत. पनीर दाबून घट्ट करतात, त्याच्या वड्या पडतात. कॉटेज चीज दाबत नाहीत. त्याचे दाणे सुटे ठेवून त्यात थोडी साय आणि मीठ मिसळतात. आपल्या ओळखीच्या वस्तूंत ते छेन्याच्या जवळचे, ज्याचे बंगालात रसगुल्ले होतात. कॉटेज म्हणजे झोपडीवजा घर. लोणी काढून उरलेल्या दुधाचे गरीब शेतकऱ्यांच्या घरात हे चीज बनायचे, म्हणून ते नाव. पहिल्या महायुद्धात मांसाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेच्या शेतीखात्याने भित्तिपत्रके लावून लोकांना मांसाऐवजी हे खायला सांगितले होते. त्यावर अननसाची चकती ठेवून खाण्याची तिकडे इतकी रीत पडली, की अध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधल्या शेवटच्या दिवसांतल्या, १९७४ च्या ऑगस्टमधल्या, जेवणाचे छायाचित्र आहे, त्यातही ताटात तेच दिसते.

पनीर हा शब्द मात्र आपल्याकडे फारसीतून आला. इराणात आजही सकाळी रोटी, पनीर आणि अक्रोड खातात, आणि उन्हाळ्यात पनीरबरोबर कलिंगड किंवा द्राक्षे. तुर्कस्तानातही कलिंगड आणि पनीर ही उन्हाळ्यातली घरोघरची जोडी आहे. तिकडचे पनीर खारे असते, फळ गोड, म्हणून एकमेकांना खुलवतात. आणि दूर कशाला जायचे? केळ्याचे शिकरण, आम्रखंड, ईदच्या दावतीतले फ्रूट सॅलड, हे सगळे दूध आणि फळांचेच तर आहे.

मी ठरवले, हे घरी करायचे.

पहिला डबा फसला

रविवारी लिटरभर दूध फाडले. बाजारातून छान पिकलेला अननस आणला होता. त्याचे बारीक तुकडे छेन्यात मिसळले, दोन चमचे साखर घातली. रात्री चाखले तेव्हा उत्तम लागले. सकाळी धाकटीचा डबा भरला. अम्मांसाठी वाटी झाकून ठेवली.

दुपारी डबा परत आला. भरलेलाच. "अम्मी, कडू झालंय. पाणी पण सुटलंय. मैत्रिणींना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, अम्मीनं घरी बनवलंय म्हणून. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली." एवढे बोलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले. मी चाखले. खरेच कडवट. दूध तर ताजे होते, मग बिघडले काय?

कोडे अम्मांनी सोडवले. त्यांनी वाटीतला छेना बोटाने दाबून पाहिला. दाणे गळून रबरबीत झाले होते. त्या म्हणाल्या, "पपई लावलेल्या खिम्यासारखं झालंय हे."

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या मॅडमना विचारले. त्या हसल्या, "सासूबाईंना विज्ञानाचा तास द्यायला बोलवा." कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे पाचक द्रव्य असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईत पपेन असते, तेही हेच काम करते. म्हणून तर आपण कबाबच्या खिम्याला, दमाच्या मटणाला कच्ची पपई लावतो. मांस जसे प्रथिनांचे, तसा छेनाही प्रथिनांचा. रात्रभर अननसाबरोबर राहिला, तर त्यातली प्रथिने तुटतात आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. किवी फळातही असेच द्रव्य असते.

यावर उपाय सोपा आहे. उष्णतेने हे द्रव्य निकामी होते. अननसाचे तुकडे पाच-सात मिनिटे उकळून, गार करून घातले की कडवटपणा येत नाही. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून अमेरिकेतल्या लोकांना ही अडचण आली नसावी. ताजाच अननस हवा असेल तर ताटात वाढताना घालावा आणि लगेच खावा.

धाकटीला हे सांगितले तेव्हा ती पुन्हा खोलीबाहेर आली. तिने दोन वाट्या घेतल्या, एकीत कच्चा अननस, दुसरीत उकळलेला, आणि रात्रभर ठेवून सकाळी आम्हा सगळ्यांना चाखायला लावले. एक कडू, एक गोड. हा प्रयोग तिने वर्गातही सांगितला. ज्या मैत्रिणींनी तोंडे वाकडी केली होती, त्यांनीच मग डबा मागून खाल्ला.

घरी करायची रीत

आता आमच्याकडे हे काम अम्मांचे आणि धाकटीचे आहे. त्यांची रीत सांगते.

एक लिटर दूध उकळावे. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे. दीड-दोन लिंबांचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा आणि हलक्या हाताने ढवळावे. दाणे सुटून पाणी हिरवट-पिवळे दिसले की रस घालणे थांबवावे. रस जास्त झाला तर दाणे चिवट होतात. मलमलच्या फडक्यात गाळून वरून गार पिण्याचे पाणी ओतावे, म्हणजे लिंबाचा आंबटपणा निघून जातो. मग फडके वीस-पंचवीस मिनिटे टांगावे. पिळू नये, दाबू नये. म्हशीच्या लिटरभर दुधाचा साधारण २०० ग्रॅम छेना होतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी.

छेना चमच्याने मोकळा करून त्यात दोन-तीन चमचे साय किंवा ताजे दही आणि चिमूटभर मीठ घालावे. त्यामुळे तो दुकानातल्या डबीसारखा ओलसर होतो. मग फळ. आम्ही केळे, चिकू, उकळलेला अननस, डाळिंबाचे दाणे, आंब्याच्या दिवसांत आंबा घालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या भागात द्राक्षांची रेलचेल असते. एरवी तासगावचे बेदाणे तासभर पाण्यात भिजवून घालतो. बेदाणा किंवा बी काढून बारीक चिरलेला खजूर घातला की साखर लागतच नाही. वरून वेलची. अम्मांसाठी धाकटी सगळे चमच्याने कुस्करून देते.

उरलेले पाणी फेकू नये. त्यात कणीक मळावी, चपात्या मऊ होतात. डाळीत किंवा रश्श्यातही घालता येते.

थोडी काळजी

छेना ओला असतो, लवकर बिघडतो. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. फळ मिसळल्यावर तर त्याच दिवशी. डब्यात द्यायचा तर रात्रभर गार केलेला द्यावा आणि मुलांनी तो छोट्या सुट्टीतच खावा. एप्रिलच्या उन्हात डब्यात देऊच नये, तेव्हा शाळेतून आल्यावर घरीच वाटी भरून द्यावी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नये, घशात अडकते. उभे चिरून द्यावे.

मधुमेह असेल तर साखर-खजूर टाळून पेरू, सफरचंद असे फळ थोडे घालावे. हृदयाचा त्रास असेल तर म्हशीच्या दुधाऐवजी गाईचे किंवा कमी चरबीचे दूध घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणि हे औषध नाही, खाऊ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला ४१-४२ ग्रॅम. चहा-टोस्टच्या एका वेळेत त्यातले जेमतेम तीन-चार ग्रॅम मिळतात. घरच्या ५० ग्रॅम छेन्यात सात-आठ ग्रॅम असतात. बाकीचे डाळ, अंडे, मासे, मटण यांतूनच यायला हवेत. पण ज्याचे तोंडच बंद झाले आहे, त्याला पहिला घास तरी कशाचा द्यायचा, हा प्रश्न असतो.

अम्मांचा पहिला घास हा झाला. वजनकाटा फारसा हललेला नाही, खोटे कशाला सांगू? पण दुपारचा चहा-खारीचा वेळ आता छेन्याच्या वाटीचा झाला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी स्वतःहून मऊ खिचडी मागितली, मग खिम्याचा रस्सा. शनिवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात आणि धाकटीला हुकूम सोडतात : "गॅस बंद कर. थांब. आता लिंबू. बस, बस!" नातीला दूध कधी फाडायचे ते त्यांच्याइतके कुणालाच कळत नाही, हे आता घरात सर्वांना मान्य आहे. मागच्या आठवड्यात दूधवाला आला नाही, तर मला म्हणाल्या, "उद्या दूध जास्त घे. पोरीचा डबा आहे."

"मुझे क्या करना है खाके" हे वाक्य बरेच दिवसांत ऐकलेले नाही.

भगिनींनो, आपल्या घरातली म्हातारी माणसे आणि वयात येणाऱ्या मुली, दोघांचेही न जेवणे आपण हट्ट म्हणून सोडून देतो. एकीला रागावतो, दुसरीपुढे ताट ठेवून निघून जातो. दुकानातली रंगीत डबी कधीतरी आणली तर गुन्हा नाही. पण आणाल तेव्हा उलटी करून वाचा, घरातल्या मोठ्यांना एक चमचा चाखवा आणि विचारा, "तुमच्याकडे असं काही करायचे का?" काय उत्तर येते ते मला जरूर लिहून कळवा.

अल्लाह आपणा सर्वांच्या दस्तरखानात बरकत देवो.